गॅसबत्ती भपकते, मंदावते: पिन बदलूनही परत येणारा दोष

जुनी पेट्रोमॅक्स किंवा तिच्या जातीची बत्ती घरात असलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. बत्ती लागते, मेंटल, म्हणजे ज्योतीत उजळणारी जाळीदार पिशवी, पांढरंशुभ्र तापतं, अंगण उजळून निघतं. दहा-पंधरा मिनिटं गेली की उजेड खाली-वर होऊ लागतो, सूं असा एकसुरी आवाज तुटायला लागतो, भप्-भप् सुरू होतं आणि शेवटी पिवळट, आजारी उजेड उरतो. कारागीर पिन, म्हणजे वाफेचं भोक साफ करणारी बारीक सुई, बदलून देतो. दोन-चार वेळा बत्ती झकास चालते. मग गणपतीत किंवा जत्रेत बाहेर काढावी तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा दोष हटत नाही, कारण दुरुस्ती उलट्या टोकाकडून सुरू होते. बत्ती कुठल्या घराण्याची आहे हे न बघता बाजारात मिळेल ती पिन आणि निपल (हे वाफ सोडणारं भोकाचं टोक) बसवलं जातं, आणि जिथे खरी घाण साठली आहे ती रॉकेलची वाफ करणारी नळी तशीच राहते. पिन हा उपाय तात्पुरता आहे. रोग नळीत असतो, आणि निम्म्या वेळा चुकीच्या सुट्या भागात.

आधी ठरवा: हवा कमी पडते की रॉकेल अडतं

पाना हातात घेण्याआधी बत्ती पेटवून बसा आणि ती मंदावायची वाट बघा. पेटवायची अंगणात किंवा गच्चीवर. शेजारी वाळूची बादली आणि ओलं पोतं ठेवा. टाकी पाऊण भागच भरा. वरची मोकळी जागा हवेसाठी लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीत दाब टिकत नाही, ही एक चूक सुधारली तरी काही बत्त्या आपोआप बऱ्या होतात.

मंदावली की पहिल्यांदा पंपाचे दहा-बारा दट्टे मारा. उजेड लगेच चढला आणि काही मिनिटांत पुन्हा उतरला, तर टाकीतून हवा गळते आहे. पंप मारूनही ढिम्म फरक पडला नाही, तर हवा पुरेशी आहे आणि रॉकेलची वाट कुठेतरी अडली आहे. झाकणावर दाबाचा काटा असेल तर त्याकडे बघा, पण पन्नास-साठ वर्षांच्या काट्यावर फार भिस्त ठेवू नका. मोठ्या पेट्रोमॅक्सवर लाल रेघ साधारण दोन बारला असते. काटा शून्यावर अडकलाय म्हणून पंप मारत सुटणं धोक्याचं आहे. दट्ट्याला हाताला चांगला जोर लागू लागला की थांबा.

दुसरी चाचणी चाकाची, म्हणजे रॉकेल उघड-बंद करायच्या मुठीची. बत्ती मंद असताना चाक एकदा पूर्ण फिरवा, म्हणजे पिन निपलच्या भोकातून वर येऊन खाली जाईल. ज्योत क्षणभर दबते आणि परत येते. परत आल्यावर उजेड खणखणीत झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा ढेपाळला, तर निदान जवळजवळ पक्कं: निपलमध्ये बारीक काजळीचे कण येऊन अडकत आहेत, आणि ते येत आहेत खालच्या नळीतून. पिन ते कण बाजूला ढकलते, नळी नवे कण पाठवते. कारागिराची नवी पिन चार दिवस चालते ती याच कारणाने.

तिसरं लक्षण कानाने ओळखायचं. आवाज तुटतो, मध्येच चरचरतं आणि उजेड एकदम मिचकावल्यासारखा होतो, तेव्हा टाकीत पाणी आहे. पाणी रॉकेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि रॉकेल उचलणाऱ्या नळीचं तोंडही तळाजवळच असतं. पावसाळाभर अर्धी रिकामी पडून राहिलेल्या टाकीत दमट हवेचंच पाणी होतं. टाकी पूर्ण रिकामी करा, थोडं ताजं रॉकेल घालून खळबळवा, काचेच्या बाटलीत ओता आणि तळाला थेंब दिसतात का बघा.

हवा गळत असेल तर

हा भाग सोपा आहे आणि बहुतेकांना जमतो. बत्ती न पेटवता टाकीत हवा भरा आणि साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा: झाकणाभोवती, हवा सोडायच्या स्क्रूवर, काट्याच्या बुडाशी, पंपाच्या तोंडाशी, चाकाच्या दांड्याभोवती, आणि टाकीला नळी बसते तिथे. बुडबुडा दिसेल तिथे गळती. आगकाडी धरून गळती शोधणारे लोक अजून आहेत. असं कधीही करू नका.

हवा भरल्यावर पंपाचा दट्टा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या तळाची झडप हवा अडवत नाही. ही झडप म्हणजे पितळी डबीत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला बुचाची, शिशाची किंवा रबराची बारीक चकती. चकतीवर खळगा पडलेला असतो. चकती उलटी करून बसवली तर तेवढ्यावर भागतं, नाही तर नवी कापायची. नवी कापताना सायकलच्या ट्यूबचं रबर घेऊ नका. रॉकेलने ते फुगतं आणि महिन्याभरात चिकट होतं. गाडीच्या इंधनाच्या कामाला लागणारं नायट्राइल रबर घ्या, किंवा परवडत असेल तर व्हिटॉन. झडप खोलायला लांब नळीचा पाना लागतो. पकडीने ओढाताण केली तर पितळेचे कान तुटतात आणि मग झडपेसकट पंपाची नळीही कामातून जाते.

दट्टा वर येत नाही पण मारताना पोकळ लागतो, हवा जातच नाही असं वाटतं, तेव्हा वायसर, म्हणजे दट्ट्याच्या टोकाची चामड्याची वाटी, सुकलेला आहे. चामड्याचा वायसर फेकायची घाई करू नका. काढून शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर ठेवा, सकाळी बोटांनी कडा बाहेरच्या बाजूला पसरवा, आणि नळीत घालताना कड दुमडणार नाही अशा बेताने फिरवत घाला. गोडं तेल लावू नका. ते काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं.

चाकाच्या दांड्याशी गळत असेल तर तिथला नट एक-अष्टमांश वळसा आवळून बघा. आत ग्राफाइटचं पॅकिंग असतं, ते दबून बसतं. जास्त आवळलं तर चाक फिरत नाही आणि दांडा तुटतो. झाकणाचा वॉशर शिशाचा असेल आणि चपटा झाला असेल तर बदलणं उत्तम.

नळीतली काजळी: खरा दोष इथे

रॉकेल टाकीतून वर येतं ते द्रव म्हणून. मेंटलच्या शेजारून जाणाऱ्या नळीत तापून त्याची वाफ होते, वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून वर फेकली जाते, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते, वरच्या वाकड्या नळीत दोन्ही मिसळतात आणि खाली मातीच्या नोझलमधून मेंटलमध्ये येऊन जळतात. वाफ होताना रॉकेलचे जड अंश तिथेच करपतात. नळीच्या आत काळा, कडक थर धरतो. थर वाढला की वाट अरुंद होते, रॉकेल कमी येतं, उजेड पडतो. थराचे तुकडे सुटले की निपल तुंबतं.

ही काजळी लवकर धरते ती तीन कारणांनी. पहिलं, रॉकेल खराब असणं: वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं, किंवा डिझेल मिसळलेलं. रेशनवरचं निळं रॉकेल बहुतेक ठिकाणी मिळेनासं झाल्यापासून लोक काय वाटेल ते टाकीत ओततात. डिझेलने नळी काही तासांतच भरते. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन हे जाड तेल आहे, ते या बत्तीत जळणारच नाही. पेट्रोल आणि थिनर तर टाकीजवळही आणू नका. रॉकेलसाठी बनवलेल्या बत्तीत पेट्रोल म्हणजे स्फोटच.

दुसरं कारण पेटवण्याआधी नळी अपुरी तापवणं. स्पिरिटची वाटी एकदा भरून पेटवली, ती विझायच्या आधीच घाईने चाक उघडलं, की कच्चं रॉकेल वर येतं, भडका उडतो, काच काळी होते आणि नळीत चिकट थर बसतो. थंडीत, वाऱ्यात वाटी दोनदा भरावी लागते. दुसऱ्यांदा भरताना पहिली ज्योत पूर्ण विझलेली असली पाहिजे. पेटत्या वाटीवर स्पिरिटची बाटली धरल्याने हात भाजलेले लोक कमी नाहीत. स्पिरिटच्या वाटीऐवजी ब्लोलॅम्पसारखी छोटी बर्नर-नळी असलेल्या बत्त्यांत तापवणं जलद होतं, पण तिथेही पूर्ण मिनिटभर ती चालू द्या, आणि त्यासाठी टाकीत आधी पुरेशी हवा हवी.

तिसरं कारण कमी दाबावर तासन्‌तास चालवणं. रॉकेल वाचतं अशा समजुतीने लोक हवा कमी ठेवतात. त्याने रॉकेल संथ वाहतं, तापलेल्या नळीत जास्त वेळ राहतं आणि करपतं. लाल रेघेच्या आसपास दाब ठेवणं हाच नळीचा खरा सांभाळ.

साफ कशी करायची ते नीट सांगतो, कारण इथेच सगळं ठरतं. टाकी रिकामी करा. वरची टोपी, काच, मेंटल, मातीचं नोझल काढून बाजूला ठेवा. निपल काढताना नळीला खालून दुसऱ्या पान्याने धरा, नाही तर निपलऐवजी नळीच पिळवटेल. मग पिन आणि तिची लांब दांडी बाहेर काढा. दांडी बाहेर येताना तिच्यावर काळा थर दिसला तर आत किती असेल याचा अंदाज येतो. नळी टाकीपासून सोडवा.

आता नळीत एका टोकाने तोंडाने फुंकून बघा. हवा आरपार सहज गेली पाहिजे. कुथून फुंकावं लागत असेल तर दोष सापडला. सरळ नळी असेल तर सायकलच्या ब्रेकची आतली तार घ्या, टोकाकडचे बारीक तंतू थोडे विस्कटून ब्रशसारखे करा, आणि फिरवत-फिरवत आत-बाहेर करा. काळी भुकटी पडते. ती कागदावर गोळा करून बघा. सुरुवातीला चमकदार, कडक खपल्या येतात, नंतर मऊ काजळी, आणि शेवटी तार स्वच्छ बाहेर येते. स्वच्छ तार दिसेपर्यंत थांबू नका.

पेट्रोमॅक्स घराण्याच्या नळीला वरच्या बाजूला वळसा असतो आणि नेमका तोच भाग मेंटलशेजारी सगळ्यात जास्त तापतो. त्या वळशात तार फिरत नाही. तिथे काजळी जाळावी लागते. नळी चिमट्यात धरून ब्लोलॅम्पने तो वळसा तापवा. हे काम सावलीत, मंद उजेडात करायचं, म्हणजे रंग कळतो. अंधुक लाल दिसला की पुरे. उजळ लाल झाला तर पितळ बसकं होतं आणि सांध्याचं झाळकाम वितळतं. तापलेल्या स्थितीत दुसऱ्या टोकाने हवा सोडा, आतला कार्बन ठिणग्यांसारखा जळून बाहेर पडतो. निवू द्या, तार घाला, पुन्हा तापवा. दोन-तीन फेऱ्यांत फुंकर मोकळी जाते. कॉस्टिक सोड्यात नळी उकळायचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, पितळेला त्याचा त्रास होतो आणि वळशात राहिलेला अंश धुऊन काढणं कठीण.

नळी इतकी करून झाल्यावरच निपलकडे वळा. निपल उजेडाकडे धरून भिंगातून बघा. भोक गोल, काठ तीक्ष्ण हवेत. लंबगोल झालेलं किंवा शिवणाच्या सुईने मोठं केलेलं भोक म्हणजे कायमचा पिवळा उजेड आणि काळं मेंटल. ते निपल बदलण्याला पर्याय नाही. निपलमध्ये कधीही सुई, टाचणी, ब्लेडचं टोक घालू नका.

निपल आणि वरची नळी यांतलं अंतर

सगळं स्वच्छ केलं, हवा धरते, तरी उजेड पिवळा आणि मेंटलला काजळी, असं झालं तर निपलचं टोक आणि वरच्या वाकड्या नळीचं तोंड यांतलं अंतर मोजा. पाचशे कँडलपॉवरच्या (हे उजेडाचं माप) पेट्रोमॅक्समध्ये ते साधारण १४ ते १५ मिलिमीटर असतं. सोबतच्या मूळ पान्यावर त्यासाठीच खाच कापलेली असते. अंतर कमी पडलं की वाफ पुरेशी हवा ओढत नाही. नळी वर-खाली करायला एक स्क्रू असतो, तो सैल करून जुळवा, आणि नळी निपलच्या अगदी डोक्यावर सरळ आहे ना, तेही बघा. पडून-आपटून ती तिरकी झालेली असते.

त्याच नळीत आत डोकावून बघायलाही विसरू नका. बंद पडलेल्या बत्तीत कोळ्याचं जाळं हमखास सापडतं, आणि आपल्याकडे कुंभारीण माशी मातीने वाट पक्की बुजवते. हवेची वाट अडली की बाकी सगळं ठीक असूनही बत्ती धूर ओकते.

आता ओळख: कुठल्या घराण्याची आहे ही बत्ती

सुटे भाग विकत घ्यायच्या आधी हे करा. माणसं फोटो दाखवून "पेट्रोमॅक्सची पिन द्या" म्हणतात, आणि हातातली बत्ती भलतीच असते. आपल्याकडे पेट्रोमॅक्स हे सगळ्याच गॅसबत्त्यांचं नाव झालं आहे.

मूळ पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिच अँड ग्रेट्झ या कारखान्याची, १९१० च्या सुमाराची रचना. पेट्रोलियम आणि मालक मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावांतून हे नाव आलं. टाकीवर किंवा झाकणावर मॉडेलचा आकडा असतो. ८२९ हे सगळ्यात जास्त दिसणारं, पाचशे कँडलपॉवरचं. जर्मन बाजारासाठीच्या बत्तीवर उजेडाच्या मापापुढे एचके असं असतं, निर्यातीच्या मालावर सीपी, म्हणजे कँडलपॉवर. 'वेस्ट जर्मनी' असं कोरलेलं असेल तर बत्ती १९४९ नंतरची. महायुद्धानंतर ग्रेट्झचं काम पश्चिम जर्मनीतल्या आल्टेनाला गेलं.

ही रचना इतकी यशस्वी ठरली की जगभर तिच्या नकला निघाल्या: जर्मनीतच हासागच्या, पोर्तुगालात हिपोलिटोच्या, चीनमध्ये, आणि आपल्याकडे प्रभातसारख्या देशी नावांनी. देशी बत्ती म्हणून नाक मुरडायचं काहीच कारण नाही. लग्नाच्या वराती, तमाशाचे फड, रात्रीची खेकड्यांची शिकार आणि कोकणातल्या होड्या या बत्त्यांनीच उजळल्या. अडचण एवढीच की दिसायला जुळ्या असल्या तरी आटे आणि पिनची लांबी जुळतेच असं नाही. एका बत्तीचं निपल दुसरीत दोन आटे बसतं, मग अडतं. लोक जोर लावतात, आटा मोडतो. पिन एक मिलिमीटर आखूड असली की चाक फिरवूनही ती भोकातून वर येत नाही, म्हणजे निपल साफ होतच नाही. लांब असली तर चालू बत्तीतही टोक भोकात अडकून राहतं आणि उजेड पूर्ण खुलत नाही. चाक बंद ठेवून पिनचं टोक निपलबाहेर जेमतेम डोकावतं का, आणि उघडल्यावर पूर्ण खाली जातं का, हे नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. नवी पिन बसवल्यावर हे बघितल्याशिवाय वरची टोपी लावू नका.

जर्मन पद्धतीत भागांना ठरलेले क्रमांक आहेत आणि जुन्या दुकानदारांना ते पाठ असतात: निपल ५०, पिन ६८, पंपाचं चामडं ४४, मातीचं नोझल ३. मागताना क्रमांकासोबत कँडलपॉवरही सांगा. दोनशे-अडीचशेच्या छोट्या बत्तीचं निपल पाचशेला लावलं की उजेड कायम अर्धा, आणि उलट केलं तर धूर. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात सुटे भाग धुंडाळायचे तर आपलं जुनं निपल आणि पिन खिशात घेऊन जा आणि शेजारी-शेजारी धरून बघा.

ब्रिटिश टिली वेगळ्याच जातीची. तिची वाफेची नळी मेंटलच्या मधून सरळ वर जाते, म्हणून तिच्या मेंटलला वर आणि खाली दोन तोंडं असतात, दोन्हीकडे बांधावं लागतं. पेट्रोमॅक्सचं एकतोंडी मेंटल तिला चालत नाही. तिची नळीही सहसा साफ करत बसत नाहीत, अख्खी बदलतात. स्वीडनच्या ऑप्टिमस, प्रायमस, रेडियस या बत्त्यांची घडण फार सुबक. ऑप्टिमस १२००, प्रायमस १०२० किंवा रेडियस ११९ हाती लागली तर तिला देशी भाग बसवण्यासाठी कानस लावू नका, योग्य भाग मिळेपर्यंत थांबा.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेली कोलमन असेल तर सगळ्यात आधी तळ बघा. महिना आणि वर्ष बहुधा तिथे ठोकलेलं असतं. मग स्पिरिटची वाटी शोधा. वाटी नसेल तर ती बहुतेक पेट्रोलसारख्या हलक्या इंधनाची आहे, त्यात रॉकेल घातलं की ती भपकणारच. अशी बत्ती दुरुस्तीला येते आणि तिच्यात दोष काहीच नसतो.

आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील हा वातीचा कंदील. त्याला पंप नाही, मेंटल नाही. तो वेगळ्या प्रेमाचा विषय आहे.

मेंटल

फाटलेलं मेंटल लावून बत्ती चालवू नका. भोकातून ज्योतीची धार थेट काचेवर बसते आणि काच तडकते. नवं मेंटल बांधताना चुण्या सगळीकडे सारख्या येऊ द्या, दोरीची टोकं कापा. पहिल्यांदा जळून राख झाल्यावर ते बोट लावलं तरी तुटतं, म्हणून त्यानंतर बत्ती आपटायची नाही.

हे मेंटल कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ मध्ये पेटंट केलं. १८९१ मध्ये त्याला ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम ऑक्साइडचं प्रमाण सापडलं आणि तो लख्ख पांढरा प्रकाश आला. त्या थोरियमसाठी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू जहाजं भरून युरोपला गेली. जुन्या साठ्यातलं मेंटल त्यामुळे किंचित किरणोत्सारी असतं. घाबरण्याइतकं नाही, पण तुटलेल्या मेंटलची राख फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसून टाका आणि हात धुवा.

टाकी: इथे भावनेत वाहू नका

आजोबांची बत्ती म्हणून जीव गुंतलेला असतो, तरी टाकी कमकुवत असेल तर ती पेटवायची नाही. रिकामी, कोरडी टाकी हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवा. सांध्यातून बुडबुडे आले तर झाळून घेता येतं. पत्र्यातूनच, केसासारख्या रेघेतून आले तर ती टाकी शोभेची.

पितळेत अशा रेघा का पडतात याची एक जुनी गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवली जायची आणि त्यांची पितळी आवरणं आपोआप तडकायची. तबेल्यातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ दाबून आकार देताना त्यात राहिलेला ताण, तिन्ही मिळून हे होतं. बत्तीची टाकीही दाबूनच घडवलेली असते. अमोनियाचा उग्र वास येणारं पॉलिश टाकीवर वापरू नका आणि बत्ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवू नका.

घासण्याबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही. बहुतेक पेट्रोमॅक्सवर निकेलचा मुलामा असतो. चिंच, लिंबू, पावडर लावून तो घासून खालचं पिवळं पितळ चमकवलं की बत्ती विकायला छान दिसते, पण कोरलेला शिक्का झिजतो आणि ओळख कायमची जाते. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, आणि शेवटी रॉकेलचा बोळा, एवढं पुष्कळ झालं. टाकीच्या आतला हिरवा गंज काढायला सायट्रिक अॅसिडचं सौम्य पाणी तासभर ठेवा, दोन-तीनदा धुवा, आणि उन्हात दोन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा. ओलावा राहिला तर मघाचं चरचरणं परत आलंच.

विझवणं आणि ठेवणं

बत्ती झाकणावरचा स्क्रू सोडून, हवा काढून विझवा. चाक बंद करून विझवली तर गरम नळीत रॉकेल अडकून करपतं, आणि तासाभराच्या मेहनतीने साफ केलेली नळी पुन्हा भरायला लागते. पूर्ण थंड झाल्याशिवाय टाकी उघडून रॉकेल भरू नका. बंद खोलीत बत्ती चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

महिनाभराहून जास्त ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, वायसरला दोन थेंब तेल द्या, वरच्या नळीच्या आणि टोपीच्या भोकांना पातळ फडकं बांधा, म्हणजे कुंभारीण शिरत नाही. झाकण सैल ठेवा, वॉशर दबत नाही. पुढच्या वेळी ताजं रॉकेल मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून भरा, आणि पेटवण्याआधी चाक एकदा पूर्ण फिरवून पिन वर येते का ते बघा.